मास्तरांचं बाड आणि मालकांची शाल

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील कामगार संघटनेचं काम करायचे, त्यामुळे आमच्या कपाटात कपडे कमी आणि पत्रकं जास्त. शाळेत ‘ध’ धरणाचा शिकवला, पण त्याआधीच घरी ‘ध’ धिक्काराचा शिकून झाला होता. पत्रक वाटण्याचं शास्त्र वडिलांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. माणसाच्या डोळ्यांत बघायचं, कागद त्याच्या हातात द्यायचा, खिशात कोंबायचा नाही, आणि एकही कागद घरी परत आणायचा नाही. गठ्ठा परत आला तर वडील माझ्याकडे असं बघायचे, जणू मी नापास होऊन आले आहे. त्यामुळे कागद हा हातातून पुढं जाण्यासाठीच असतो, अशी माझी भाबडी समजूत झाली.

ही समजूत घेऊन मी मराठीत एम.ए. केलं. मराठीत एम.ए. केलेल्यांचं जे होतं तेच माझं झालं, म्हणजे काहीच झालं नाही. मग ओळखीतून एक काम मिळालं. राजारामपुरीतल्या एका बंगल्यात जुन्या संगीत नाटकांच्या हस्तलिखितांचा संग्रह आहे, त्याची सूची करायची. संग्राहकांची उद्यमनगरात फौंड्री. त्यांना सगळे मालक म्हणायचे, फौंड्रीतले कामगारही आणि बंगल्यात येणारे रसिकही. ज्या शब्दाविरुद्ध माझ्या वडिलांनी उभं आयुष्य पत्रकं काढली, तो शब्द पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून सहज बाहेर पडला. घरी मी हे सांगितलं नाही.

मालकांच्या संग्रहात काय नव्हतं! नटांना पाठ करायला दिलेल्या नकला होत्या. नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरलेली पदांची बाडं होती. बाड म्हणजे हातानं लिहिलेल्या पदांचा, दोऱ्यानं शिवलेला जाडजूड गठ्ठा. आणि सगळ्यात मौल्यवान म्हणजे चालींचे कागद, संगीत देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं लिहिलेल्या सारेगमसकट. ह्या सगळ्याच्या मधोमध मालक उभे राहायचे आणि त्यांच्या खिशातला फोन वाजायचा तो एका हिंदी आयटम साँगच्या चालीवर. मालकांना सूर कळत नव्हता. ते स्वतःच मोकळेपणानं सांगायचे, “मला गाण्यातलं काय कळत न्हाय, मला कागदातलं कळतं.”

दर रविवारी सकाळी बंगल्यावर रसिकांचं मंडळ जमायचं. पाचसहा माणसं, त्यात पुढारी एक दातांचे डॉक्टर. त्यांचाही संग्रह होता, आणि मालकांकडे नवीन काही आलं की आठवडाभर त्यांचा चेहरा पडलेला असायचा. आधी मिसळ व्हायची. मग हात धुऊन हातमोजे घालायचे. परदेशात म्हणे हस्तलिखितांना पांढरे सुती मोजे घालून हात लावतात. आमच्याकडे डॉक्टर आपल्या दवाखान्यातले रबरी मोजे आणायचे. त्यामुळे एखाद्या नाटकाची नांदी बाहेर काढताना आता अक्कलदाढच उपटली जाणार असं वाटायचं.

कागद अस्सल की नाही हे ठरवण्याचं मंडळाचं मुख्य साधन म्हणजे डाग. पानाचा डाग असला तर कागद अस्सल, कारण जुने संगीतकार पान खायचे. चहाचा डाग संशयास्पद. डाग नसला तर नक्कीच नकली.

“हा बघा,” डॉक्टर भिंग लावून म्हणायचे, “हा कातयुक्त आहे. मी हा डाग रोज बघतो. दातावरचा आणि कागदावरचा एकच.”

“धा पिढ्या गेल्या तरी निघायचा न्हाय,” मालक अभिमानानं म्हणायचे.

एका रविवारी मी विचारलं, “ह्यातलं कुणी कधी गाऊन बघितलंय का?”

मंडळाचे रबरी मोजे जागच्या जागी थांबले. जणू मी ते कागद कुकरला लावायला सांगितले होते.

“अगं, हे दुर्मीळ आहे,” डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले. “दुर्मीळ म्हणजे काय कळतं ना? हे दुसरीकडे कुठंच नाही.”

म्हणजे जे दुसरीकडे कुठंच नाही, ते इथंही असल्यासारखं वागायचं नाही. मला कळलं. मी सूचीत लिहिलं, “नकला, जीर्ण. डाग, पानाचे.” सूचीत प्रत्येक पदाची पहिली ओळ तरी घ्यावी असं मला वाटत होतं. मालक म्हणाले, पानं उलटली की झिजतात, वरून वरून कर. वरून वरून सूची कशी करतात हे विद्यापीठात शिकवलं नव्हतं, पण सवयीनं जमलं.

संग्रह वाढवायची मालकांची एक पद्धत होती आणि ती शंभर टक्के आपल्या मातीतली होती. गांधीनगरातून घाऊक आणलेल्या शाली, नारळ आणि पेढ्यांचे बॉक्स गाडीच्या डिकीत कायम भरलेले. एखाद्या जुन्या नटाचं किंवा वादकाचं घर सापडलं की तिथं जायचं. भिंतीवरच्या फोटोला हात जोडायचे. घरात जे कुणी वडीलधारं असेल त्याच्या खांद्यावर शाल घालायची, हातात श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा. “तुमच्या घराण्यानं रंगभूमीची सेवा केली,” असं म्हणायचं. घरातल्या लोकांना आपल्या घराला घराणं आहे हे तेव्हाच कळायचं. मग पेढा तोंडात असताना हळूच विचारायचं, “जुनं काय कागदपत्र हाय काय हो माळ्यावर?” सत्कार झालेला माणूस नाही म्हणू शकत नाही. तोंडात पेढा असला तर मुळीच नाही. ट्रंक खाली यायची आणि डिकीत शालीच्या रिकाम्या जागेत जायची. जागा अगदी बरोबर पुरायची.

न्यायानं सांगायचं तर ह्यातले कितीतरी कागद मालकांनी नेले नसते तर रद्दीत गेले असते. हे खरं आहे, आणि मालक ते दर रविवारी सांगायचे. पण रद्दीतला कागद पुढं भेळवाल्याकडे जातो, आणि भेळ संपली की तो माणूस निदान चार ओळी वाचतो. मालकांकडे आलेल्या कागदाच्या नशिबात तेवढंही नव्हतं.

असेच आम्ही पेठ वडगावला गेलो. बाजारामागच्या गल्लीत मुलाच्या वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत चाचा राहायचे. एका फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कंपनीतली सगळी माणसं एकेक करून गेली होती, हे एकटे राहिले होते, आणि जणू सगळ्यांच्या वाटचं बोलणं आता आपल्यालाच संपवायचं आहे अशा आवाजात बोलायचे. खाली वेल्डिंग चालू असलं तरी चाचांचंच ऐकू यायचं.

मालकांनी शाल घातली. चाचांनी तिचं टोक दोन बोटांत धरून चोळलं.

“पॉलिस्टर हाय न्हवं?”

“न्हाय ओ चाचा, चांगली हाय,” मालक म्हणाले.

“चांगल्या चार हायत माझ्याकडं. एक पेटीवर घालतोय, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर. ही आता स्कूटरवर घालीन.” मग माझ्याकडे वळून, “तू कोण गं? फोटो काढायला आणलीया काय पावण्यांनी?”

मी सूची करते म्हणाले. सूची म्हणजे काय हे समजावलं. चाचा म्हणाले, “म्हंजे कुणाकडनं काय काय आणलं त्येची यादी. पोलिस बी करत्यात की.”

कंपनीत चाली बसवायचे त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या हातचं चालींचं बाड चाचांकडे होतं. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या घरचे ते जाळायला निघाले होते, चाचांनी उचलून आणलं. इतकी वर्षं सांभाळलं, पण आता ट्रंकेच्या कोपऱ्यात वाळवी लागली होती. बाडाला अजून पोचली नव्हती, पण रोज जवळ येत होती. चाचांनी बाड बाहेर काढलं, कपाळाला लावलं, आणि मालकांच्या हातात देण्याआधी थांबले.

“मला कवातरी बघावं वाटलं तर बघाय मिळंल न्हवं?”

“चाचा, काय बोलताय,” मालक म्हणाले. “वही तुमचीच हाय. माझ्याकडं नुसती ठेवायला. कवाबी या, बघा.”

मी तिथंच उभी होते. मालक हे मनापासून बोलले. मनापासून बोलायला त्यांना कधीच काही अडचण नव्हती.

मास्तरांचं बाड बंगल्यात आलं आणि डॉक्टरांचा चेहरा दोन रविवार उतरला. पानाचे डाग भरपूर होते. बाडाला लाल मखमली आवरण शिवलं गेलं, आणि पुढं ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी उभी राहिली. पहिलं पान काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात लावायचं ठरलं. बाकीच्या पानांत काय आहे हे मला विचारलं नाही, आणि मलाही बघू दिलं नाही.

नवरात्र सुरू झालं तेव्हा चाचांचा फोन आला.

“हाईस का गं जित्ती? ऐक. कोडोलीतली तरणी पोरं आमच्या कंपनीच्या जुन्या नाटकातलं दोन प्रवेश करत्यात. दसऱ्याला, सोनं लुटून झालं की. पेटीला मी हाय.”

“वा! मग मी येते.”

“ये की. पर घोटाळा झालाय. नायिकेचं पद हाय बघ, ‘थांब जरा रे दिव्या, अजुनी शब्द उरे ओठी.’ दूध संस्थेत कामाला हाय ती पोरगी म्हणणार हाय. गळा चांगला हाय तिचा, भांडखोर हाय पर. तिला पयला अंतरा शिकवला. दुसऱ्या अंतऱ्याची चाल येगळी हाय, आन् ती मला याद न्हाय. तोंडाशी येतीया आन् पळतीया. दुसरं कोण सांगणार? समदी गेली.” थोडा वेळ फोनवर नुसता वेल्डिंगचा आवाज. “निम्मं पद घिऊन मराय नको वाटतंय मला. निम्मं माझ्यासंगं मातीत जायाचं, आन् निम्मं लोकं म्हणत बसायची, लंगडं. मास्तराच्या वहीत आसंल. तेवढं एक पान बघायचं हाय.”

मी मालकांना सांगितलं. मालकांना आनंदच झाला. खंडेनवमीला घरी पूजा आहे, सगळं मंडळ येणार आहे, चाचांना तेव्हाच बोलव, म्हणाले. “सत्कार बी करू.”

“त्यांचा झालाय सत्कार,” मी म्हणाले.

“मग काय? सत्कार काय लसीचा डोस हाय व्हय?”

खंडेनवमीला फौंड्रीत सगळं थंड होतं. लेथना झेंडूच्या माळा, भट्टीला नारळ, मोल्डिंगच्या साच्यांना हळदकुंकू. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, त्यालाही सुट्टी. तोच नियम बंगल्यात. दिवाणखान्यात पाटावर बाडं रचलेली, सगळ्यात वर मखमलीतलं मास्तरांचं. झेंडू, आंब्याची डहाळी, समई. फक्त बाडांवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, कारण डॉक्टरांनी सुचवलं होतं की कुंकू देवीला पोचावं पण कागदाला पोचू नये. पानाचा डाग अस्सल, कुंकवाचा डाग मात्र नुकसान.

चाचा वडगावहून एसटीनं आले, पांढरा इस्त्रीचा पायजमा, डोक्याला टोपी. आरती झाली, प्रसाद झाला. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मला कळलं. मी आतून शालीचा बॉक्स आणला. दुसऱ्यांदा शाल, दुसऱ्यांदा नारळ, टाळ्या, फोटो. चाचांनी सगळं मुकाट घेतलं. मग म्हणाले, “बरं, आता वही दावा.”

“वही?” मालक म्हणाले. “आज?”

“मग? मी काय सुंठवडा खायाला आलोय?”

“चाचा, आज वही पूजेत हाय. पूजेतलं पुस्तक उघडायचं नसतं. वाचायचं नसतं आज. एवढं तुम्हाला म्हाईत असंलच.”

“मग कवा?”

“उद्या हलवू. पण उद्या सकाळी आम्ही जोतिबाला, मग दसरा चौकातल्या सोहळ्याचं पास हायत. परवा या की निवांत. जेवायलाच या.”

“उद्या सांजच्याला पोरगी उभी ऱ्हाणार हाय,” चाचा म्हणाले. “परवा काय मी तिला लाडू भरवू?”

मी मध्ये पडले. मालकांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली, कवाबी या, बघा, असं म्हणाला होतात. “व्हय की,” मालक म्हणाले, “कवाबी म्हंजे आज सोडून.” मी म्हणाले, सरस्वतीच्या नावानं पुस्तक बंद करून ठेवायचं, हे सरस्वतीला तरी पटतं का? हा प्रश्न आमच्या घरच्या पत्रकात ठळक अक्षरांत शोभला असता. दिवाणखान्यात तो खाली पडला आणि कुणी उचलला नाही. मी म्हणाले, मीच काढते, प्लॅस्टिक मी बाजूला करते. डॉक्टर सोफ्यावरून पुढं सरकले.

“हे बघ, भावना समजू शकतो. आणि चाचांबद्दल आम्हा सगळ्यांना आदर आहे. आम्ही कुणी सोवळंओवळं मानणारे नाही. पण...”

‘पण’नंतर डॉक्टर काही बोलले नाहीत. आमच्या शहरात पुरोगामी माणूस ‘पण’वर थांबतो. पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. चाचांना समजलं. मला वाटलं, आता ते उठून जातील. मी चप्पल घालायच्या तयारीत होते.

चाचा उठले नाहीत. उलट त्यांनी मांडी ठोकली.

“डाक्टर, पूजा समजली. पर अर्धीच केलासा की. आमच्या कंपनीत खंडेनवमीला पेटीला हळदकुंकू कोण लावायचं? मी. मास्तराच्या वहीला फूल कोण घालायचं? मी. आन् पूजा झाली की त्याच जागी वही उघडून, एक पद वाजवूनच उठायचं, अशी रीत. त्येला हजेरी म्हणत्यात. हजेरी दिली न्हाय तर वरीसभर पेटी मुकी ऱ्हाती. एक साल दिली न्हाय, तर दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजला पडदा पेटला.”

दिवाणखाना बदलला. शब्दाचं बंधन सांगून, हक्क सांगून, न्याय सांगून जी माणसं हलली नव्हती, ती ‘जुनी रीत’ म्हटल्यावर सरसावून बसली. डॉक्टरांनी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

“हजेरी,” ते पुटपुटले. “कुठल्याच पुस्तकात नाही हे.”

“म्हंजे दुर्मीळ!” मालक म्हणाले.

आणि मालकांनी स्वतःच्या हातानं प्लॅस्टिक बाजूला केलं.

डॉक्टरांनी रबरी मोजे पुढं केले. चाचा म्हणाले, “मला काय बाळंतपण करायचं न्हाय.” त्यांनी मखमल सोडली, बाड मांडीवर घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि थुंकी लावून पान उलटलं. मंडळातून एक सामुदायिक हुंदका आला. चाचा पुन्हा अंगठा जिभेला लावत होते, पान उलटत होते, मधेच हसत होते, कुणाचं तरी नाव घेऊन शिवी घालत होते. मग थांबले.

पद सापडलं. पहिल्या अंतऱ्याखाली पेन्सिलीनं बारीक सारेगम, मात्रांच्या खुणा, एका जागी ‘इथे दम घेणे’ असं लिहिलेलं. त्याखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात एवढंच: ‘अंतरा दुसरा. चाल नेहमीप्रमाणे.’ आणि पुढचं पद सुरू.

मी पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. काही नव्हतं. समई नीट करायचं निमित्त करून मी वाकले, कारण चाचांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

“नेहमीप्रमाणे,” चाचा म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग एवढ्या मोठ्यानं हसले की आतून मालकांच्या मिसेस बघायला आल्या. “नेहमीप्रमाणे! मास्तरा, सुक्काळीच्या! आगं, त्येची नेहमी कुठं हुती? रोज येगळं! कंपनीतली बाई जशी गाईल तसा त्यो आर्गनवर बदलायचा. बाईचा गळा बसलेला आसला की खाली, लोकं रंगली की वर. निपाणीला येगळं, मिरजेला येगळं. मी बाजूला बसून बघायचो, की आता हा म्हातारा कुठं जातोय.” डोळे पुसत ते म्हणाले, “मी इसरलो न्हाय गं. मला लई याद हाय. समद्या चाली एकदम तोंडाशी यायच्या, म्हणून घोटाळा व्हायचा. मला वाटलं एकच आसंल, आन् तीच गावंना.”

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मालकांच्या संग्रहातली एक जुनी पेटी होती. तिच्यावरही पाटी होती, ‘वाजवू नये’. चाचांनी पाटी उचलून डॉक्टरांच्या हातात दिली. भाता दाबल्यावर पेटीतून आधी धूळ आली, मग एक वाळलेलं झुरळ, मग सूर. दोन पट्ट्या बोलतच नव्हत्या. चाचा त्यांना वळसा घालून गेले. पहिला अंतरा वाजवला, तो जसा लिहिला होता तसा. दुसऱ्याला थांबले, मान हलवली, एक वाट धरली आणि सोडली. दुसरी धरली, “ही निपाणीची,” म्हणाले, तीही सोडली. तिसऱ्यांदा सुरुवात निपाणीची झाली, पण मध्येच सूर खाली येण्याऐवजी वर गेला, तिथं जरा हेलकावला, आणि मग ‘उरे ओठी’वर असा परत आला की माझ्या हातात समईची वात आहे हेच मी विसरले. मालकांचा पाय ठेका धरत होता. ठेका चुकीचा होता, पण धरत होता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

“हे धरलं,” चाचा म्हणाले. “पेन दे.”

मी बॉलपेन दिलं. चाचा बाडाकडे वळले आणि मालक, डॉक्टर आणि मंडळ एकाच वेळी ओरडलं, “चाचा, त्याच्यावर नको!”

“वरडू नका. मी काय येडा हाय?” चाचांनी इकडं तिकडं बघितलं. शेजारी नव्या शालीचा पुठ्ठ्याचा बॉक्स होता. त्यांनी झाकण फाडलं, आतल्या कोऱ्या बाजूला ठळक सारेगम लिहिली, खाली मात्रा मारल्या, आणि झाकण नव्या शालीत गुंडाळून काखेत मारलं.

मालकांचे डोळे त्या काखेवर खिळले.

“चाचा,” ते हळूच म्हणाले, “त्यो पुठ्ठा... तुमच्या हातचा हाय. हितंच ऱ्हाऊ द्या की. मी पोरीला त्येचा फोटो मारून देतो.”

“च्या मायला,” चाचा म्हणाले. “शाल दिलासा, आन् आता खोकं परत मागताय?”

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. रिक्षात ते टोपी नीट करत बसले होते, खूश होते. मी विचारलं, “चाचा, त्या हजेरीच्या रीतीचं पुढं कधी लिहीन म्हणते. किती जुनी असेल?”

“कसली रीत?”

“पूजा झाली की पद वाजवायचं ती.”

“छ्या. ती मी तिथंच काढली. त्यो दातवाला ‘पण’ म्हणाला न्हवं, तवा.” मग मला कोपरानं ढोसून, “तू लई कायदा सांगत हुतीस. आसल्या लोकांना कायदा सांगायचा नस्तो.”

“आणि गडहिंग्लजचा पडदा?”

“त्यो खरंच पेटला हुता. बत्तीचा भडका उडाला.”

माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. खोट्या परंपरेचा आधार घेऊन खरं काम करून घेणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. माझ्याही बसत नाही. मालकांच्या बंगल्यात मात्र हजेरी आता दर खंडेनवमीला अत्यंत श्रद्धेनं दिली जाते, आणि डॉक्टरांनी ह्या लुप्तप्राय प्रथेवर एका स्मरणिकेत लेख लिहिला आहे. आधार म्हणून त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे.

दसऱ्याला मी कोडोलीला गेले. शाळेच्या मैदानात मांडव, पुढं बसलेली माणसं एकमेकांना आपट्याची पानं देत होती. पुठ्ठा पेटीवर उभा करून ठेवला होता. दूध संस्थेतली ती पोरगी नऊवारीत उभी राहिली, पहिला अंतरा नीट म्हणाली. दुसऱ्याला, जिथं चाचांनी सूर वर नेला होता, तिथं तिनं तो नेलाच नाही. ती तिथंच थांबली, श्वास घेतला, आणि भलत्याच बाजूनं खाली उतरली. चाचांनी पेटीवरून तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं पेटी फेकून मारतात. पण बोटं तिच्यामागं गेली. मांडवातून ‘वाऽ’ आला. एका म्हातारीनं पदरानं डोळे टिपले. पद पुरं झालं. अख्खं झालं.

पडदा पडल्यावर मागं जाऊन बघते तर दोघं हातघाईवर आलेली.

“पुठ्ठ्यावर काय लिवलंय? वर जा म्हणून लिवलंय न्हवं?”

“तिथं माझा दम पुरत न्हाय चाचा. लिवणाऱ्याला काय, म्हणणाऱ्याला म्हाईत.”

“दम पुरत न्हाय म्हणं! दूध संस्थेत दिसभर कुणासंगं वरडतीस, तवा पुरतो?”

“मी म्हणलं ते वाईट वाटलं व्हय तुम्हाला? खरं सांगा.”

चाचांनी खरं सांगितलं नाही. त्यांनी पुठ्ठा उचलला, ती जागा खोडली, तिनं म्हटलं होतं तसं वर लिहिलं, वाचलं, तोंड वाकडं केलं, तेही खोडलं. “हे बी बरोबर न्हाय. मधलं कायतरी पायजे. परवा वडगावला ये. सांजच्याला. दम घिऊन ये.”

“येतो. पर मी म्हणंन तसंच ऱ्हाणार.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. मालक होते. मागं दसरा चौकातली गर्दी ऐकू येत होती.

“काय गं, कसं झालं? आन् त्यो पुठ्ठा? गाडी पाठवतो, शाल बी पाठवतो. त्या पोरीला एक आन् तिच्या आईला एक. डॉक्टरला कळायच्या आत आणायचा बघ.”

“मालक, पुठ्ठा वापरात आहे,” मी म्हणाले.

“वापरात म्हंजे? खराब करतील की त्येला!”

“खराब झालाच आहे. खाडाखोड चालू आहे.”

पलीकडे मालकांनी ‘अरारा’ केलं. त्यांना दुःख झालं होतं हे मला कळत होतं. मग त्यांनी विचारलं, “मग पक्का कवा हुईल?”

मी त्या दोघांकडे बघितलं. चाचांनी पेटी पुन्हा उघडली होती, पोरगी नऊवारी खोचून त्यांच्यासमोर बसली होती, आणि गावातली पोरं मांडव सोडायला आली होती ती दोरी हातात धरून उभी होती.

“ह्यांचं भांडण मिटलं की कळवते,” मी म्हणाले, आणि ऐकायला जाऊन बसले.